बाई, जंतूंची लग्नं होतात का?

परवा नातीबरोबर कर्नाळ्याला गेले होते. फाटकाशीच माकडं. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखी केसांची टोपी, लांब शेपूट. "हे बॉनेट मकाक. उत्तरेकडचं आखूड शेपटीचं ते ऱ्हीसस, प्रजाती वेगळी," इति नात. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, त्यामुळे आजीला शिकवायची संधी सोडत नाही.

मीही ऐटीत व्याख्या म्हणून दाखवली. ज्यांचा आपसांत संकर होऊन झालेली संततीही पुढे प्रजननक्षम असते, ती एक प्रजाती. मी मराठीची बीए, पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की तो तास माझ्याच गळ्यात पडायचा. कित्येक वर्षं हेच शिकवलं.

"मग ई. कोलायचं काय करशील?" आपल्या आतड्यातला हा जंतू नुसता एकाचे दोन होतो, त्याला जोडीदार लागत नाही.

मला एकदम धस्स झालं. 1983 सालचा आठवीचा वर्ग. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं होतं, "बाई, जंतूंची लग्नं होतात का?" वर्ग खो खो हसला. मला तो चावटपणा वाटला. तास संपेपर्यंत त्याला बाकावर उभा केला.

परतताना एसटीत नातीने उत्तर सांगितलं. दोन जंतूंच्या जनुकसंचांतला सामाईक भाग साधारण 95 टक्के जुळला की प्रजाती एक. बाकीचं कितीही वेगळं असो! प्रयोगशाळेतला निरुपद्रवी के-12 आणि रक्ताची हगवण लावणारा ओ157, दोघेही ई. कोलायच. 2001 साली ताडून पाहिलं तर ओ157 मध्ये 1387 जनुकं अशी, जी के-12 कडे नाहीतच. हीच फूटपट्टी आपल्याला लावली तर माणूस आणि चिंपांझी एका प्रजातीत! ऱ्हीसस 2007 साली माणसाशी ताडला, तो भरला 93 टक्के. थोडक्यात हुकला बिचारा.

बरं, माझी व्याख्या निदान माकडांना तरी लागू? तीही पुरती नाही. थायलंडच्या रानात ऱ्हीसस आणि लांबशेपटी मकाक यांचा संकर होतो, आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात.

तो मुलगा आता पन्नाशीपार. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. रात्री त्याला लिहिलं, तुझा प्रश्न बरोबर होता, चुकले मी.

लगेच उत्तर आलं, "बाई, कुठला प्रश्न?"

उद्या फोनच करते.