चि. छोटूस, गाडी घेण्यापूर्वी

कामठी, नोव्हेंबर २०२५

चि. छोटू,


तुझा तक्ता मिळाला. हिमालयन, केटीएम, व्ही-स्ट्रॉम, एक्सपल्स, साऱ्यांची ताकद, वजन, टाकी ओळीनं मांडली आहेस. एक रकाना मात्र राहिला: तुझी आई, म्हणजे माझी ताई, मागे कशी बसणार? तिचे गुडघे तुला ठाऊक आहेत, आणि ती साडीतच बसणार. या गाड्यांची पुढचीच सीट ८२५ मिलिमीटरच्या आसपास, मागची त्याहून वर. गाड्यांचे व्हिडिओ करणाऱ्यांना आई नसते की काय कोण जाणे!

तुझा रोजचा रस्ता पाहा. छावणीतून निघायचं, ऑटोमोटिव्ह चौकात डबल डेकर पुलावर चढायचं, एलआयसी चौकात उतरायचं, मग सिग्नलमागून सिग्नल काढत वर्धा रोडनं मिहान. सगळं डांबर आणि सिमेंट. लडाख वर्षातून एकदा येईल, तेही सुट्टी मिळाली तर.

अशा रस्त्यावर पुढचं २१ इंची चाक कशाला? ते दगडगोटे सहज ओलांडतं, हे खरं. पण त्याचा टायर अरुंद, आणि वळणात गाडी जरा सावकाश कलते. १९ इंची चाक डांबरावर चपळ. हिमालयन ४५० आणि एक्सपल्सला पुढे २१ इंची चाक आहे, व्ही-स्ट्रॉमला १९. केटीएममध्ये दोन्ही मिळतात. ३९० अॅडव्हेंचर एक्सला १९ इंची आणि अलॉय. अलॉय म्हणजे बहुधा ट्यूबलेस. तारांच्या चाकात बहुतेक ट्यूब असते, आणि मे महिन्यात भर दुपारी पंक्चर झालं की चाक खोलून ट्यूब काढेपर्यंत आपलीच हवा निघते.

उन्हाचं तर बोलूच नये. पारा ४५च्या घरात असतो तेव्हा वर्धा रोडच्या सिग्नलवर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम झोत थेट मांडीवर. इंजिन मोठं तेवढी ही भट्टी मोठी. हिमालयनचं ४५२ सीसी इंजिन ४० न्यूटन मीटर टॉर्क ५५०० आरपीएमलाच देतं, म्हणून कन्हानच्या पुढे कोळशाच्या टिप्परला ओलांडताना गिअर पाडावा लागत नाही. मन लावून चालवावी अशी गाडी. पण १९६ किलो! पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मधून मागे ओढून बघ, मग बोल. केटीएम तिच्याहून हलकी आणि जास्त ताकदवान, पण तिचा जीव वरच्या आरपीएमवर खुलतो; गर्दीत ती कुरकुरते. (नाव ऑस्ट्रियाचं असलं तरी ही आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते, हे तुझ्या मित्रांना सांग.)

छावणीच्या गावात हिमालयनवाल्या एनफिल्डला मान आहे, तो असायचाच. १८२१ची छावणी, फौजेची वर्दळ, बुलेटचा आवाज ऐकतच आम्ही वाढलो. तू मात्र मान बघून हप्ता भरू नकोस. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४०. म्हणजे हिमालयन आणि केटीएम ३९० एका बाजूला, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम आणि हिरोची एक्सपल्स दुसऱ्या. सरकारनंच रेघ ओढून दिली म्हण ना.

माझं मत व्ही-स्ट्रॉम एसएक्सकडे. २४९ सीसी, साडेसव्वीस पीएस, १६७ किलो. दिसायला मोठी, वागायला साधी. रामटेक-मनसरपर्यंत हायवेनं ८०-९०वर निवांत जाते. त्याच्या वर जोर कमी वाटेल, तो वाटू दे. टाकी १२ लिटरची, हिमालयनची १७. रोज पेट्रोल पंपावरून जाणाऱ्याला त्याचं काय? एकच अडचण: पुढचं मडगार्ड टायरला लागून आहे. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं गेलास तर आपली काळी माती त्यात ठासून बसेल आणि चाक जाम होईल. शेताकडे रोज जायचं असतं तर एक्सपल्स घे म्हणालो असतो, तिचं मडगार्ड उंच असतं. पण तू कुठला जातोस शेतात!

शोरूमला जाताना ताईला सोबत ने, आणि साडीतच ने. साडीगार्ड आणि पायदान लावूनच गाडी दाखवा म्हणावं. तिला दोनदा चढायला-उतरायला लाव. शोरूमकडून ऑन-रोड कोटेशन लेखी घे आणि मला पाठव, विम्याचा आकडा वेगळा करून मागायला विसरू नकोस.

तुझा,
मामा