लुगड्याची नोकरी

गोधडीला नवं कापड चालत नाही. हे ऐकलं की समोरच्याला वाटतं, मी काटकसरीचं कौतुक सांगतेय. तसं नाही, हे सुईचं सांगणं आहे. नव्या कापडात खळ असते, वीण ताठ असते. सुई धाग्यांमधून वाट काढत नाही, त्यांना ढकलत जाते, आणि चार थर एकदम उचलायचे म्हटले की अंगुस्तान घालूनही बोटाचं पेर दुखतं. वर्षानुवर्षं धुऊन विरलेलं लुगडं सुईला आपणहून जागा देतं. हल्ली प्रदर्शनांत गोधड्या मिळतात, कोऱ्या कापडाच्या, मशीनवर शिवलेल्या. भिंतीवर टांगायला छान आहेत. अंगावर घेतल्या की बिलगत नाहीत, वर नुसत्या उभ्या राहतात.

नऊवारीचं गणित माझ्या सासूबाईंनी मला जमिनीवर बसवून शिकवलं. नऊ वारांचे चार सारखे तुकडे केले की एकेक सव्वादोन वारांचा होतो. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की गोधडीची वरची बाजू, दोन जोडले की खालची. एका लुगड्यात दोन माणसांची गोधडी, कात्रीच्या तीन कापांत, आणि चिंधी वाया नाही. मध्ये भर घालायला जुनी सोलापुरी चादर, फाटका पंचा, उशांचे अभ्रे, जे सुती असेल ते. पदर मात्र वर दिसेल असा, डोक्याकडच्या बाजूला. का, विचारलं तर म्हणायच्या, "अगं, रात्री अंधारात कळायला नको का, पायाकडची बाजू तोंडावर आली ते?"

हे सगळं करायला जमीन लागते, आणि निगडीच्या फ्लॅटमध्ये तीच नसते. टीपॉय गॅलरीत, सोफा भिंतीला, खुर्च्या पलंगावर, असं केल्यावर हॉलमध्ये एक गोधडी मावते. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे गोधडी घालायची ती गुरुवार सोडून. सगळे कामावर आणि शाळेत गेले की कापड अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, इस्त्री, जे जड हाताला लागेल ते ठेवायचं, आणि तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत न्यायच्या. मग कच्चे टाके. इथे घाई केली तर पुढे गोधडीला मध्येच पोट सुटतं आणि ते धुतल्यावर वाढत जातं. खरा धावदोरा त्यानंतर. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, सुई जमिनीला टेकवून तीन-चार टाके एकदम भरायचे आणि मग ओढायचं. डावा हात सतत कापडावर. टाका सारखा आलाय की नाही हे डोळ्यांपेक्षा त्या हाताला आधी कळतं. ओळी एकमेकींपासून बोटभर अंतरावर. जास्त जवळ घेतल्या तर गोधडी कडक होते, लांब घेतल्या तर आतली भर गोळा होते.

पण गोधडी हा लुगड्याच्या आयुष्यातला एक मुक्काम. खेड तालुक्यातल्या आमच्या घरी लुगडं ही कायम नोकरी होती, फक्त खातं बदलायचं. आधी नेसायचं, मग गोधडीत. गोधडी विरली की तिच्या धड राहिलेल्या भागातून बाळाचं दुपटं. दुपट्याचं स्वयंपाकघरातलं फडकं, भाकरी गुंडाळायला. काही तुकडे थेट लोणच्याच्या बरणीवर दादरा म्हणून. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे घालायला अख्खं पातळ. शेवटी पोतेरं, आणि पोतेऱ्याचंही संपलं की उकिरडा, तिथून शेत. मला विणकाम, शिवण, बाग आणि स्वयंपाक हे वेगवेगळे छंद आहेत असं कोणी म्हटलं की गंमत वाटते. आमच्याकडे ते एकाच कापडावर चालायचे.

मासवडीचंच बघा. खेड, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात पाहुणा आला की मासवडी, आणि मासवडी म्हणजे निम्मं काम फडक्याचं. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरायचं, गुठळी होऊ न देता घोटायचं, उलथन्याला चिकटून गोळा फिरायला लागला की उतरवायचं. पोळपाटावर ओलं फडकं पसरायचं, त्यावर खसखस, कोथिंबीर भुरभुरायची आणि पीठ गरम असतानाच पाण्याच्या हाताने पातळ थापायचं. हात पोळतात. पोळले पाहिजेत, कारण थंड झालेलं पीठ वळताना तडकतं. मध्ये भाजलेले तीळ, सुकं खोबरं, परतलेला कांदा, लसूण यांचं सारण. मग पीठ नाही उचलायचं, फडकं उचलायचं. दोन्ही बाजू फडक्यानेच एकमेकींवर आणून दाबायच्या, म्हणजे माशाच्या पाठीसारखी कड येते. फडकं सुटताना सगळं कळतं. जुनं सुती असेल तर ते पाणी धरून ठेवतं आणि अलगद निघतं. मिश्र धाग्याचं असेल तर पाणी निथळून गेलेलं असतं, बेसन कापडाला धरतं आणि वडीचं कातडं सोलून निघतं. कापूस नेहमीच्या हवेतून आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. हे आकडे कापडगिरण्यांच्या कामाचे, पण मासवडी करणाऱ्या बाईला ते आकड्याविना ठाऊक असतात.

आमच्या घरात सुती कापडाची ही साखळी तुटली, ती एका पिढीत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को, बजाजही आले. साताऱ्याकडून, बीड-लातुरातून, जळगावातून माणसं आली, ती ट्रंकेत एकेक गोधडी घेऊनच. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्या पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिकडे सुताच्या गिरण्यांची चाकं थांबत होती, इकडे गाड्यांच्या कारखान्यांत तिसरी पाळी सुरू होती. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला आणखी हात दिला. घराघरांत खुंटीवर टेरिकॉटचा युनिफॉर्म आला, दोन भाग पॉलिस्टर, एक भाग सूत. त्याची इस्त्री मोडत नाही, तो रात्री धुतला की पहाटे पहिल्या पाळीच्या बसपर्यंत वाळतो. ज्या बाईला घरातले दोन-तीन युनिफॉर्म रोज धुवायचे आहेत, तिच्यासमोर मी सुताचं गुणगान गाणार नाही.

नेसायच्या साड्याही तशाच बदलल्या. बोहारणीला हे आपल्याआधी उमगलं होतं. ती सिंथेटिक साडी हातात घेऊन झटकते, उजेडात धरते आणि पातेलं काढते. विरलेलं सुती पातळ दाखवलं तर म्हणते, "ताई, हे ठेवा तुम्हालाच, फरशीला होईल." ज्याला बाजारात किंमत नाही तेच घरात राहिलं, आणि माझ्या गोधड्या त्यावरच चालल्या आहेत. सुती चिंधीची दुसरी कदर करणारे म्हणजे भोसरीतले वर्कशॉपवाले. लेथवर हात आणि जॉब पुसायला त्यांना बनियनचं वेस्ट लागतं, गठ्ठ्याने. टेरिकॉटच्या चिंधीने तेल पुसलं जात नाही, फक्त पसरतं, असं आमच्या इमारतीतला एक टर्नर सांगतो. त्याच्याशी माझं कापडाबाबत चांगलं जमतं.

गॅलरीतल्या बागेत तर या दोन कापडांची परीक्षाच होते. टोमॅटो, कारली, मायाळू बांधायला मी पातळाच्या पट्ट्या वापरते. सुतळी मऊ खोडाला काचते, नायलॉनची दोरी तर वेल जाड होत गेला की त्याला कापतेच. पातळाची पट्टी दोन पावसाळ्यांत कुजून आपोआप सुटते, तोवर वेलाला तिची गरजही उरत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी आहे, त्यामुळे गावी जाताना कुंड्यांची सोय करावी लागते. पाण्याने भरलेली बादली स्टुलावर, त्यातून पातळाची पिळलेली वात, दुसरं टोक कुंडीच्या मातीत दोन बोटं खोल. वात आधी ओली करून लावायची, कोरडी लावली तर पाणी चढायलाच वेळ खातं. अळूचं मात्र वातीवर भागत नाही. त्याची कुंडी मोरीतून तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी जाईल तिथेच ठेवायची.

खताच्या डब्यात मी एकदा मुद्दाम दोन्ही कापडं घातली होती, एक सुती फडकं आणि एक टेरिकॉटचा शर्ट, खाली पालापाचोळा, वर भाज्यांची देठं. पावसाळा उलटल्यावर डबा पालथा केला. सुती फडक्याचा मागमूस नव्हता, काळ्या खतात कुठेकुठे करडी लव असावी तसं काही. शर्टाचं प्रकरण वेगळं. कॉलर तशीच, बटणं तशीच, कापडातलं सूत गेलेलं आणि उरलेली जाळी बोटात धरली तर आरपार दिसणारी. सगळ्यात धड होती ती शिवण. पॉलिस्टरच्या दोऱ्याने घातलेली बगलेची टीप मातीतून ओढली तर साखळीसारखी पूर्ण निघाली, एकही टाका न तुटता. शिवणारी म्हणून मला त्या टिपेचं कौतुक वाटलं आणि बाग करणारी म्हणून रागही आला. आता खताच्या डब्यात जाणाऱ्या प्रत्येक फडक्याची मी आधी शिवण उसवते. सुती कपड्यालाही आतून दोरा पॉलिस्टरचाच असतो.

गोधड्यांची कसोटी लागते ती दसरा काढताना. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं. सासूबाईंच्या आठवणीत हे नदीवर व्हायचं, दगडावर आपटून, वाळूवर पसरून. आता इंद्रायणीवर फेस तरंगताना दिसतो, तिथे गोधडी नेण्याचा प्रश्नच नाही. मशीनमध्ये ती मावत नाही, मावली तर पिळताना मशीनच नाचतं. म्हणून पाणी येईल त्या दिवशी एकच गोधडी, बाथरूममध्ये पायांनी तुडवून, मग दोघांनी धरून गच्चीत. ओली गोधडी उचलताना कळतं की सुताने किती पाणी प्यायलंय. मिंक ब्लँकेटवाल्या शेजारणी हसतात, आणि त्यांचं हसणं रास्त आहे. फक्त एप्रिलमध्ये तिसरी पाळी करून आलेला माणूस दिवसाउजेडी झोपायला काय मागतो, ते त्यांच्याही घरातलं मला माहीत आहे.

आता समोरच्या वहिनींचं. भाऊजी निवृत्त झाले आणि वहिनी युनिफॉर्मचा गठ्ठा घेऊन आल्या. "आयुष्य गेलं त्यांचं ह्यात. ह्याची एक गोधडी करून द्या, आठवण म्हणून." मी नाही म्हटलं. टेरिकॉटची गोधडी घाम टिपणार नाही, थरांतून सरकत राहील, आणि हाताने शिवायची तर माझी बोटं उरणार नाहीत. वहिनींचा चेहरा पडला. पण टेरिकॉटमधलं सूत गेलं तरी पॉलिस्टरची जाळी कुजत नाही, म्हणजे ओल्या मातीला ते टिकाऊच. पँटचे पाय कापून, तळाला दुहेरी टीप मारून झाडांच्या पिशव्या शिवल्या. पाणी झिरपतं, माती राहते. शर्टाच्या पुढच्या भागाची मोठी पिशवी केली, खिशासकट, कारण खिशात खुरपं छान बसतं. खिशावर कंपनीचं नाव भरलेलं. भाऊजी म्हणाले, ते आतल्या बाजूला घ्या, लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाल्या, खिसा बाहेरच हवा, नाव मी उसवते. मशीनचं भरतकाम, टाके बारीक, दोन अक्षरांवर त्यांचा धीर संपला. बाकीचं नाव अजून तसंच आहे आणि पिशवीत सध्या घेवडा लावलाय.