लातुराहून विष्णुपुरीस

लातूर सोडून चाकूर, अहमदपूर व लोहा हीं गांवें मागें टाकीत मोटार नांदेडच्या वाटेस लागली म्हणजे शहराच्या आधींच विष्णुपुरी येते. येथेंच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजीं, म्हणजे मुक्तिदिनींच, तें स्थापन झालें. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात. आमच्या वडिलांच्या पिढीस निजामी अमदानींत उच्च शिक्षणासाठीं हैदराबाद गांठावें लागे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठांत उर्दूंतून शिकावें लागे. मुलींचें तर नांवच नको.

यंदा आमच्या नातीस येथें पदव्युत्तर वर्गांत प्रवेश मिळाला, म्हणून आम्हीं उभयतांनीं तिच्यासह हा प्रवास केला. प्रवेशाचा प्रश्न सुटला होता. राहण्याचा सुटला नव्हता. लातूरच्या शिकवणीवर्गांतील ओळखीच्या सात मुलींनीं शहरांत एक माडी भाड्यानें घेऊन जणूं भगिनीमंडळच थाटलें होतें. स्वयंपाकीण स्वतःची, वर्गणी ठरलेली, आणि नवी मुलगी सर्वजणींची संमति मिळाली तरच आंत. आमच्या नातीस ती मिळाली होती. लातूरच्याच तिच्या एका जिवलग मैत्रिणीस मिळाली नव्हती. कारण कोणीं सांगितलें नाहीं. आणि त्या मुलीचें आडनांव ऐकल्यावर आम्हांस तें विचारावेंही लागलें नाहीं.

घरांतून मंडळाच्या बाजूनें कौल पडला. आजारपणीं उशाशीं कोण बसेल, रात्रीं अभ्यासिकेंतून येतांना सोबत कोणाची, जेवण पोटास मानवेल कीं नाहीं, हे प्रश्न क्षुल्लक आहेत असें कोण म्हणेल?

अमेरिकेंतील महाविद्यालयांत अशा मंडळांस सोरॉरिटी म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘सोरॉर’ पासून आला; आमच्या संस्कृतांतील ‘स्वसृ’ ही तिचीच सख्खी बहीण. दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यांत, मेकन गांवच्या स्त्रियांच्या विद्यालयांत, १८५१ सालीं असें एक मंडळ निघालें, तें आजही चालू आहे. स्त्रियांस उच्च शिक्षण दुर्मिळ होतें त्या काळीं अशा मंडळांचा आधार मोठाच वाटला असेल. पण दार असलें कीं तें लावतांही येतें. कृष्णवर्णीय मुलींनीं १९०८ सालीं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत आपलें स्वतंत्र मंडळ काढलें. आलाबामा विद्यापीठांत तर २०१३ सालापर्यंत गोऱ्या मुलींच्या मंडळांचीं दारें कृष्णवर्णीयांस बहुधा बंदच होतीं. एका गुणी मुलीस माजी सभासद स्त्रियांच्या आग्रहामुळें नाकारल्याचें विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्रानें छापलें, गवगवा झाला, तेव्हां कोठें तीं किलकिलीं झालीं.

वाचकांनीं ह्यावर हंसूं नये. आमच्या लहानपणीं घरीं चैत्रांतलें हळदीकुंकू असे. आमची विधवा आत्या सकाळपासून डाळ वाटी, पन्हें करी, आणि बायका येऊं लागल्या कीं माजघराच्या दाराआड जाऊन बसे. तिला ‘येऊं नकोस’ असें कोणी कधीं म्हणालें नाहीं. म्हणण्याची गरजच नव्हती.

सायंकाळीं सचखंड श्री हुजूर साहिब येथें गेलों. गुरु गोविंदसिंहांचें निर्वाण १७०८ सालीं ह्याच नगरींत झालें. लंगरांत जमिनीवर एका ओळींत बसलों. आमच्या डावीकडे पंजाबांतून आलेले एक वृद्ध शेतकरी, उजवीकडे नात, तिच्या पलीकडे कोण होतें तें आम्हीं पाहिलें नाहीं. पोळी दोन्ही हात पुढें करून घ्यावयाची असते, हें सौभाग्यवतींस त्या शेतकऱ्यांनीं खुणेनें शिकविलें.

परततांना नातीनें विचारलें, “आजोबा, तुमचें काय मत?”

आम्ही म्हणालों, “मंडळांत गेलीस तर तुझ्या त्या मैत्रिणीस काय सांगशील, तेवढें आज रात्रीं ठरव. तें सांगतां येत असेल तर खुशाल जा.”

ती बराच वेळ बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज भरला. खोलींत सोबतीण कोण, हें यादी लागल्यावर कळणार होतें. आजीनें कांहीं न बोलतां लाडवांचा डबा उघडला, मोजले, आणि परतीच्या वाटेसाठीं बाजूस काढलेले चार लाडूही त्यांतच घातले.