नाव यादीत, माणूस गाडीत

१.
पक्षाचं कार्यालय. टेबलावर मतदार यादी, शेजारी तीन रंगांचे हायलायटर. कार्यकर्ता आडनावावर बोट ठेवतो नि रंग मारतो. ‘हा आपला. हा त्यांचा. हा मुंबईला.’ पहिल्या दोन रंगांवर भाषणं होतात, तिसऱ्यावर खर्च.

२.
२०११ ची जनगणना. राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबई शहर.

३.
हजार पुरुषांमागे स्त्रिया: रत्नागिरीत १,१२२, मुंबई शहरात ८३२. दोन्ही आकडे एकाच घरातले असू शकतात.

४.
मतदारसंघांची फेररचना झाली. २००९ च्या निवडणुकीपासून मुंबई शहराचे आमदार १७ चे १० झाले, उपनगरांचे १७ चे २६. रत्नागिरीचे ७ होते, ५ उरले. सिंधुदुर्गचे ४ होते, ३ उरले. माणसं आधी गेली, आमदार मागाहून.

५.
ग्रामपंचायतीची निवडणूक, शनिवारची रात्र, परळहून सुटणारी बस.
‘गाडी कुणाची?’
‘वाडीची म्हणायची.’
‘आणि जेवण?’
‘ते खरं त्यांचं.’
‘मग मत?’
‘तू बस आधी. खिडकी मिळेल.’

कायदा सांगतो, गावात घर आहे एवढ्यानं कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. तोच कायदा पुढे सांगतो, तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास जात नाही. चाकरमान्याला दुसरं वाक्य पाठ असतं, त्याच्या विरोधी पॅनेलला पहिलं.

६.
२० मे २०२४, लोकसभा. मुंबईत मतदान सोमवारी. शनिवार-रविवार जोडून लोक लोणावळ्याला गेले, अशी ओरड झाली. म्हणून विधानसभेला निवडणूक आयोगानं मुद्दाम बुधवार निवडला. २० नोव्हेंबर. कुलाब्यात ४४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, कोल्हापूरच्या करवीरमध्ये ८४ च्या आसपास.

‘शिकलेल्यांना मतदान नको असतं’ हे रडगाणं मला पुरतं पटत नाही. टक्केवारीला छेद असतो आणि छेदात यादी असते. कुलाब्यात कफ परेडचे टॉवर आहेत, मच्छीमारनगर आहे, नेव्हीनगरही आहे. बदलीची नोकरी, साहेब विशाखापट्टणमला गेले तरी नाव इथे राहू शकतं. भाडेकरू अकरा महिन्यांनी घर बदलतो, नाव जुन्याच पत्त्यावर. करवीरच्या गावात कोण वारलं, कोण नांदायला गेली, कोण पुण्याला आहे हे बूथवर बसलेल्या चारही पोलिंग एजंटांना तोंडपाठ असतं. अकरा वाजेपर्यंत आला नाही तर मोटरसायकल दारात. टॉवरमध्ये वॉचमन वर सोडत नाही.

आळशी लोकही आहेतच. ते दोन्हीकडे आहेत.

७.
मतदानानंतर मुंबईत शाईचं बोट दाखवलं की काही हॉटेलांत बिलावर सवलत.
गडचिरोली जिल्ह्यात मतदान दुपारी ३ लाच बंद. टक्केवारी ७० च्या वर.

८.
१९७०, परळ. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून. पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून येतात. शिवसेनेचे पहिले आमदार.
१९८२. गिरणी संप.
२०१९, वरळी. आदित्य ठाकरे यांच्या प्रचाराचा फलक, गुजराती लिपीत: ‘केम छो वरळी’.

९.
पूर्वी प्रचारवाले ओटीवरून विचारत, ‘दादा आहेत का?’ जुलै २०२४ पासूनचे सरकारी योजनेचे महिना १,५०० बाईच्या खात्यात येऊ लागले. आता विचारतात, ‘वहिनी आहेत का?’

१०.
ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मतं दोन.

विधानसभेच्या तारखा पाहा. २०१४: १५ ऑक्टोबर. २०१९: २१ ऑक्टोबर. २०२४: २० नोव्हेंबर. पहिल्या दोन वेळा बहुतेक टोळ्या अजून गावात होत्या. तिसऱ्या वेळी दिवाळी होऊन गेली होती, मुकादमाची उचल घेऊन झाली होती, ट्रॅक्टर दारात लागायची वेळ आली होती. गाळप हंगाम थोडा पुढे ढकला, अशी मागणी तेव्हा झाली. बीडच्या उमेदवाराचं गणित कोल्हापुरातल्या साखर कारखान्याच्या मोळीपूजनाशी जोडलेलं असतं, हे टीव्हीवरच्या चर्चेत कुणी बोलत नाही.

११.
धुळे, लोकसभा २०२४. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजप पुढे. सहावं मालेगाव मध्य, मुस्लिमबहुल. तिथे एकट्यात काँग्रेसला सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी. निकाल: काँग्रेस ३,८३१ मतांनी विजयी.

सहा महिन्यांनी विधानसभा. त्याच मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी निवडून आले. राज्यातलं सर्वांत छोटं मताधिक्य.

‘गठ्ठा मतं’ म्हणणाऱ्यांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवावेत. गठ्ठा समोर कोण उभं आहे ते पाहून बांधला जातो. घरातल्याच दोघांत लढत लागली की सुटतो.

१२.
डिसेंबर २०२२. आयोगानं परगावी राहणाऱ्यांसाठी नवं यंत्र जाहीर केलं: एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान. जानेवारीत प्रात्यक्षिकाला पक्षांना बोलावलं. विरोधकांनी हरकती घेतल्या. यंत्र निवडणुकीपर्यंत पोचलं नाही.
बस सुटतात.

१३.
चंद्रपूर जिल्हा, जिवती तालुका. महाराष्ट्र-तेलंगणा वादातली १४ गावं. लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन राज्यांची मतदार ओळखपत्रं, गावाला दोन सरपंच. महाराजगुड्यात एका घराच्या काही खोल्या इकडे, काही तिकडे. इथे नाव दोनदा आहे आणि माणूस मात्र घरातच.

लोकसभेला २०२४ मध्ये चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं, तेलंगणाचं १३ मेला. मध्ये २४ दिवस.