लयीचें माप

संगणकावर संगीत रचतांना तबल्याचा ध्वनिमुद्रित ठेका पुनःपुन्हा फिरवून गाण्याखालीं घालण्याची रीत आतां रूढ झाली आहे. आम्हीही तिचेच अनुयायी आहों. परंतु गाण्याची लय आणि ठेक्याची लय क्वचितच एक असते. मिनिटास ९६ मात्रांच्या लयींत त्रितालाचें आवर्तन १० सेकंदांचें होतें. १२० मात्रांच्या गाण्यांत तेंच ८ सेकंदांत बसलें पाहिजे. नुसतें वेगानें वाजविलें, तर षड्जांत मिळविलेला तबला शुद्ध गांधारांत बोलूं लागतो! म्हणून यंत्र स्वरास धक्का न लावतां काळ आकुंचित करतें, किंवा प्रत्येक आघातापाशीं ठेका कापून ते तुकडे नव्या अंतरानें मांडतें.

येथवर गणित निर्दोष आहे. परंतु प्रत्येक बोल मात्रेच्या रेषेवर खिळविला कीं ठेका निर्जीव होतो. वादक खालीपाशीं किंचित् रेंगाळतो, समेकडे किंचित् झुकतो. या सूक्ष्म भेदांतच त्याचें व्यक्तित्व असतें. यास्तव आम्ही सम तेवढी रेषेस बांधतों व मधल्या मात्रांचें परस्परांतील प्रमाण वादकाचें त्याच्यापाशींच राहूं देतों. मग ८ सेकंदांच्या आवर्तनांतही त्याचा हात ओळखूं येतो.