स्लिपवरचा आकडा

आमच्या कंपनीचा प्रॉव्हिडंट फंड सरकारकडे जात नव्हता. 1952 च्या कायद्यातल्या कलम 17 खाली सूट घेऊन कंपनीने स्वतःचा ट्रस्ट केला होता. त्यावर मालकाचे जितके प्रतिनिधी तितकेच कामगारांचे. युनियनने माझं नाव दिलं आणि मी विश्वस्त झालो.

मीटिंगमध्ये अकाउंट्सचे साहेब आकडे वाचायचे, इतिवृत्ताचं रजिस्टर फिरत यायचं, मी सही करायचो. पगारातून दरमहा 12 टक्के कापले जात होते. वर्षाअखेरीला मिळणाऱ्या स्लिपवर व्याजासकट रक्कम छापलेली असायची आणि ती जमा आहे असं मी धरून चाललो. पण स्लिप कंपनीच्याच कॉम्प्युटरवर निघते. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पैसे खरंच ट्रस्टच्या खात्यात आले का, हे फक्त बँकेच्या स्टेटमेंटवर दिसतं. ते मागायचा मला पूर्ण अधिकार होता. मी कधीच मागितलं नाही.

एका वर्षी ताळेबंदात ‘कंपनीकडून येणे’ अशी ओळ दिसली. विचारल्यावर साहेब म्हणाले, “बिलं अडकलीत, दिवाळीच्या आत भरतो.” तेव्हा पगारवाढीचा करार अगदी सहीला आला होता. फंडावरून वाजलं तर करार फिसकटेल, म्हणून मी गप्प बसलो. युनियनच्या कमिटीतही बोललो नाही. हे अज्ञान नव्हतं. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. करार झाला, पगार वाढला. वाढीव पगारावरची कपातही कंपनीच वापरत राहिली, त्यामुळे थकबाकी आणखी फुगली. मग एके दिवशी गेटला टाळं लागलं.

पण मला सगळ्यात जास्त लागून राहिलंय ते त्यानंतरचं. पेंट शॉपमधला माझा जोडीदार वारला. वहिनी पेन्शनचा फॉर्म घेऊन आल्या. “भाऊ, हा कुठे द्यायचा?” मी म्हणालो, “थांबा वहिनी, फंडाचा निकाल लागू दे, सगळं एकदमच करू.” माझ्या शब्दावर त्या थांबल्या. खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. मुलगी आयटीआय सोडून कपड्यांच्या दुकानात उभी राहिली.

खरं तर मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के 1995 च्या पेन्शन योजनेत, म्हणजे सरकारच्या फंडात जातात. आमच्या ट्रस्टशी त्या पैशाचा संबंधच नव्हता. विधवा पेन्शनचा अर्ज लगेच देता आला असता. कंपनी बंद असेल तर बँक मॅनेजरचं साक्षांकनही चालतं. हे मला पी.एफ. ऑफिसातल्या एका कारकुनाने सांगितलं, तेही मी दुसऱ्याच कामाला गेलो असताना. वहिनींना मागची बाकी मिळाली. मुलगी आयटीआयला परत गेली नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 36 प्रमाणे कामगारांच्या फंडाचे, पेन्शनचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे धनकोंमध्ये वाटायच्या मालमत्तेत धरता येत नाहीत. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांचा थकीत फंड आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी, असा अपील न्यायाधिकरणाचा 2022 चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कायम ठेवला. पुढे 2024 मध्ये तीच कंपनी अवसायनात काढायचा आदेश झाला. आमच्या थकबाकीचं प्रकरणही अजून चालूच आहे. पैसे भरल्याच्या जुन्या चलनांच्या प्रती मी वेळेवर मागून ठेवल्या असत्या तर निम्मा वाद उद्भवलाच नसता.

आता आमच्या पट्ट्यात कुणी नवा पोरगा ट्रस्टवर गेला की मी त्याला गाठतो आणि आधी बँकेचं स्टेटमेंट मागायला लावतो. परवा एकाने मागितलं, तर लागोपाठचे दोन महिने कोरे निघाले. त्याने इतिवृत्तावर सही केली नाही. त्याच आठवड्यात चौघांना बरोबर घेऊन पी.एफ. कमिशनरच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली आणि पोचही घेतली.