गोठलेलें दहिंवर

गेल्या पौषांत शनिवार-रविवार साधून आम्ही दोघें भावंडें सांगलीहून महाबळेश्वरास मामांकडे गेलों. साताऱ्यापर्यंत कोट नकोसा झाला होता. केळघरचा घाट चढतांच तोच आम्हीं अंगाशीं घट्ट ओढून घेतला.

मामांचा मळा वेण्णा तलावाजवळ आहे. हा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनीं १८४२ सालीं बांधविला. हिंवाळ्यांत आकाश निरभ्र असून वारा पडला, म्हणजे उतरणीवरची जड, थंड हवा या खोलगट जागेंत सांचते व गवतावरचें दहिंवर गोठतें. तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, याच हौसेनें आम्ही आलों होतों. वारा पडावा म्हणून रात्रीं आम्हीं देवास विनविलें देखील! मामा मात्र पुनः पुनः दार उघडून आकाशाकडे पाहात होते.

पहांटे पाहातों तों सारें गवत मीठ पेरल्यासारखें पांढरें! त्यावर बोटांनीं आपापलीं नांवें लिहीत आम्ही मळ्यांत पोंचलों. मामी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरून गोणपाटें काढीत होत्या. झांकलेले वाफे हिरवेगार होते. गोणपाटें पुरलीं नव्हतीं तेथें फुलांचे मधले पिंवळे गोंडे काळे पडले होते.

"पाहिलें का रे हिम?" मामांनीं विचारलें. आम्हीं मान हालविली. धाकटीनें मात्र रात्रीच्या विनवणीचें सांगून टाकलें. मामा हंसले, मामी हंसल्या नाहींत.

मग दोन प्रहरपर्यंत आम्ही काळीं फुलें खुडून टोपलींत टाकीत होतों.